हाफ क्लच

“कसला वास येतोय रे?”

परकारचाचांनी विचारलं. निशिकांत भुवडने समोरच्या वळणावरची नजर हलवली नाही.

“पुढच्या ट्रकचे ब्रेक तापले असतील, चाचा.”

“ट्रक चढतोय. चढताना ब्रेक कोण लावतं?”

निशिकांतने आपल्या बाजूची काच वर केली.

कुंभार्ली घाटाची पहिली चार-पाच वळणं मागे पडली होती. मार्च महिना, सकाळचे साडेदहा, आणि कातळ आतापासूनच तापलेला. मागच्या सीटवर रुकय्याचाची दोन उशांना टेकून बसल्या होत्या. आडवं झालं की त्यांचा श्वास कोंडत होता. मूत्रपिंडं केव्हाच निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, त्यावरच सगळं चाललं होतं. आणि गावातलं यंत्र तीन दिवसांपासून बंद होतं. पहाटे पायांची सूज मांड्यांपर्यंत चढली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, ऐकलं आणि म्हणाले, कराडला न्या, दुपारच्या आत. रुग्णवाहिका महामार्गावरच्या अपघाताला गेलेली.

चाचांनी एकच फोन केला. निशिकांतला.

तो पंधराव्या मिनिटाला दारात हजर झाला. गाडीच्या चारी बाजूंनी लाल अक्षरांत ‘भुवड मोटर ड्रायव्हिंग स्कूल’. चाचा पुढे बसले, तेव्हा त्यांच्या पायांसमोरही दोन पेडल होती. शिकवणाऱ्याची. एक ब्रेकचं, एक क्लचचं. दोन्ही सळईने निशिकांतच्या पेडलना जोडलेली. इकडचं दाबलं की तिकडचं खाली जाणार.

निघतानाच त्यांनी विचारलं होतं, “क्लच बरा आहे ना?”

“एकदम फर्स्टक्लास.”

चाचांनी त्याच्याकडे पाहिलं होतं.

इस्माईल परकार म्हणजे एसटीतली चौतीस वर्षं. त्यातली शेवटची अकरा नव्या चालकांना तयार करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी कुणालाच शिकवलं नाही, एक निशिकांत सोडून. तो शेजारच्या आळीतला, बाप नसलेला, बारावी नापास. चाचांनी त्याला एका जुनाट जीपवर सात महिने घासला. रुकय्याचाचींनी सात महिने दुपारचं जेवू घातलं. पुढे त्याने स्वतःची शाळा काढली, नाव झालं, आणि चाचांच्या दारात येणं हळूहळू ईदपुरतं उरलं.

पुढच्या वळणावर ट्रक अडकला.

भला मोठा कंटेनर होता. एका दमात वळेना. मागे-पुढे, मागे-पुढे करत बसला. त्याच्यामागे निशिकांतची गाडी, गाडीमागे आणखी दोन टेम्पो. उभा चढ.

निशिकांतने गाडी थांबवली. ब्रेकवर नाही, हँडब्रेकवर नाही. क्लच अर्धा सोडला, जरासा अॅक्सिलरेटर दिला आणि गाडी चढावर तशीच उभी ठेवली. पुढे सरकेना, मागे येईना. हे त्याचं खास कसब होतं. शाळेत नवी मुलं आली की पहिल्या दिवशी तो त्यांना हे करून दाखवायचा. मुली तोंडावर हात ठेवायच्या.

“हँडब्रेक कशाला दिलाय गाडीला?” चाचा म्हणाले.

“गरजच नाही, चाचा. बघा ना, तसूभर तरी हलतेय का?”

“किती वेळ उभा राहशील असा?”

“म्हणाल तितका वेळ.” निशिकांत हसला. “चारशे जणांना शिकवलंय मी हे.”

चाचा आपल्या पायांसमोरच्या पेडलकडे बघत राहिले. ते अर्ध्यावर दबलेलं होतं. किंचित थरथरत होतं.

“चारशे...” ते स्वतःशीच म्हणाले.

मागून चाचींचा श्वास ऐकू येत होता. आत जाताना शीळ घातल्यासारखा, बाहेर येताना तुटका.

चार मिनिटांनी कंटेनर वळला.

निशिकांतने अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन गरजलं. गाडी मात्र रेंगाळत निघाली. त्याने आणखी दाबला. आवाज आणखी चढला, गाडी तेवढीच. जळक्या सुतळीसारखा वास आता काचा बंद असूनही आत भरला. मागचे टेम्पो हॉर्न वाजवत बाजूने पुढे निघून गेले.

“आवाज वाढतोय,” चाचा म्हणाले. “गाडी वाढतेय का?”

निशिकांतच्या कपाळावर घाम आला.

“चढ आहे, चाचा. जरा जोर...”

“डावा पाय कुठे आहे तुझा?”

“बाजूला आहे. क्लच सोडलेलाच आहे मी.”

“नक्की?”

“चाचा, बारा वर्षं गाडी चालवतोय मी!”

चाचांनी उजव्या पायातली चप्पल काढली. अनवाणी पायाची बोटं त्यांनी आपल्या समोरच्या क्लचच्या पेडलखाली घातली आणि सावकाश वर उचलली.

तिकडे निशिकांतचा गुडघा वर आला.

त्याने खाली पाहिलं. त्याचा डावा पाय पेडलवर होता. दाबलेला नव्हता. नुसता ठेवलेला. पण पायाला स्वतःचं वजन असतं, आणि ते सगळं वजन त्या पेडलवर होतं.

“मी... मला कळलंच नाही.”

“शिकवताना कुठे असतो पाय?”

“तुमच्या जागेवर बसतो तेव्हा... पेडलवरच. कोण कधी काय करेल सांगता येत नाही. तयारीत राहावं लागतं.”

“दिवसभर?”

“दिवसभर.”

इंजिन ओरडत होतं. गाडी चालत्या माणसाच्याही मागे पडली असती.

“थांब,” चाचा म्हणाले.

“काय?”

“गाडी थांबव.”

“चाचा, चाचींना दुपारच्या आत पोचवायचंय! अजून अर्धा घाट आहे. आता थांबलो तर...”

“घाई आहे ना?”

“आहे म्हणूनच तर सांगतोय!”

“म्हणूनच थांब.”

डाव्या अंगाला खडीचा ढीग होता, त्याच्या अलीकडे थोडी जागा. निशिकांतने गाडी तिथे घेतली. हँडब्रेक ओढला. चाचांनी खाली उतरून स्वतः दगड शोधला आणि मागच्या चाकाला लावला. सत्तरीच्या माणसाने दोन्ही हातांनी उचलून आणलेला दगड. निशिकांत मदतीला धावेपर्यंत तो लागलासुद्धा.

“इंजिन बंद कर.”

त्याने किल्ली फिरवली. आणि मग चाचींचा श्वास एवढा मोठा वाटायला लागला की त्याला कान झाकून घ्यावेसे वाटले.

“थांबलो का?” चाचींनी विचारलं.

“गाडीला दम लागलाय,” चाचा म्हणाले. “तुझ्यासारखा.”

त्या हसल्या. मग खोकल्या. खोकला बराच वेळ थांबला नाही.

निशिकांत मोबाइल हातात धरून रस्त्याच्या कडेने वीस पावलं वर गेला, वीस पावलं खाली आला. रेंजची एक काडी नाही. खालून एक गाडी आली. त्याने दोन्ही हात वर केले. ती थांबली, पण आत सहा माणसं आणि मांडीवर दोन मुलं. त्यांनी मनापासून हळहळ व्यक्त केली आणि वर पोचल्यावर रुग्णवाहिकेला फोन करतो म्हणून सांगितलं. रुग्णवाहिका येणार पलीकडून, पाटणहून. तास तरी लागणार.

तो परत आला.

“चाचा, सात मिनिटं झाली.”

“हं.”

“बॉनेट उघडतो.”

“भाजशील. थांब.”

“चाचा, चाचींचे ओठ बघा...”

“बघतोय मी.”

चाचा मागच्या दारापाशी उभे होते. चाचींचा हात त्यांच्या हातात होता. नजर कधी मनगटावरच्या घड्याळावर, कधी चाचींच्या छातीवर. चेहऱ्यावर काहीच नाही. निशिकांतला त्या क्षणी त्यांचा राग आला. खरा राग. हा माणूस आहे का दगड, असं त्याच्या मनात आलं.

“तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?” तो ओरडला.

चाचांनी चाचींच्या पाठीमागची उशी सरळ केली.

“ओरडू नको रे बाळा,” चाचीच म्हणाल्या. एकेक शब्द सुटा करून. “पाणी... पी तू.”

निशिकांत मटकन रस्त्याकडेच्या कठड्यावर बसला. खाली दरीत ऊन चकाकत होतं. पाण्याची बाटली त्याच्या हातात होती, पण चाचींसमोर त्याला ती उघडवेना. त्यांना दिवसाला मोजून दोन पेले पाणी.

बाटली बाजूला ठेवून तो म्हणाला, “चाचा... मी खोटं बोललो.”

चाचांनी मान वळवली.

“महिना झाला. क्लच फार वर पकडायला लागला होता. पेडल जवळजवळ पूर्ण सोडलं तरच गाडी हलायची. गॅरेजवाला म्हणाला, प्लेट संपत आलीय, बदलून घे. मी म्हटलं, परीक्षा जवळ आल्यात पोरांच्या, लायसन्सच्या, गाडी दोन दिवस उभी कशी ठेवू... त्यातच गियर टाकताना खरखर यायला लागली, म्हणून मीच केबल आवळली.”

“किती?”

“पार ताठ केली. ढिलं पेडल मला आवडत नाही.”

“माहीत होतं मला.”

“केबलचं?”

“खोटं बोललास ते.”

“कसं?”

“क्लच बरा आहे का विचारलं. तू विचार न करता उत्तर दिलंस.”

निशिकांतने मान खाली घातली.

“मग बसलात कशाला माझ्या गाडीत?”

चाचांनी घड्याळ पाहिलं.

“सोळा मिनिटं झाली. आता उघड बॉनेट.”

डिकीतून पाने आले. केबलचा नट कुठे आहे हे निशिकांतला डोळे मिटूनही सापडलं असतं. त्याने पाना लावला. पत्रा अजून तापलेला होता. बोटाचं टोक भाजलं तसा त्याने हात मागे घेतला आणि पुन्हा घातला.

“आवळू?”

“सैल कर.”

“सैल? चाचा, आधीच पकडत नाहीये!”

“म्हणूनच.”

“पण...”

“तुझ्या केबलला क्षणाची उसंत आहे का, भुवड? तू पाय काढलास तरी ती ओढतेच आहे. आत प्लेटला कुणी धरूच देत नाहीये. सैल सोड. मग पकडेल.”

चाचा त्याला आडनावाने हाक मारायचे ते फक्त त्या सात महिन्यांत, जीपवर. चूक झाली की. निशिकांतने नट फिरवला. एक वेढा. दोन. अडीच.

“आता पेडल हाताने दाब.”

त्याने दारातून वाकून पेडल दाबलं. पहिलं इंचभर ते नुसतंच खाली गेलं. अगदी मोकळं. मग जोर लागला.

“तेवढी मोकळीक राहू दे,” चाचा म्हणाले. “ती कुणाची नाही. तुझीही नाही.”

एकविसाव्या मिनिटाला ते गाडीत बसले. चाचींनी डोळे मिटून घेतले होते. मान एका बाजूला कलली होती, पण श्वास चालू होता. आता शिट्टी नव्हती. नुसती घरघर.

“ऐक,” चाचा म्हणाले. “पहिला गियर. क्लच एकदाच दाबायचा, एकदाच सोडायचा. पकडला की हँडब्रेक सोड आणि पाय खाली जमिनीवर. घाट संपेपर्यंत त्या पेडलकडे जायचं नाही.”

“दुसरा गियर?”

“नाही.”

“वळणावर?”

“नाही.”

“समोरून गाडी आली तर?”

“ती थांबेल.”

“आणि नाही थांबली तर?”

“अॅक्सिलरेटर हळू,” चाचा म्हणाले. “अंड्यावर पाय ठेवल्यासारखा.”

गाडी सुरू झाली. पेडल वर आलं. मध्यावर गाडीचं नाक किंचित उचललं. पकडला! निशिकांतने हँडब्रेक सोडला. गाडी दगडापासून सुटून पुढे निघाली. इंजिनाचा आवाज आणि चाकांचा वेग आता एकमेकांना धरून होते. त्याने डावा पाय जमिनीवर ठेवला.

शंभर हात गेले असतील. चाचांची बोटं पेडलखालीच होती.

“पाय,” चाचा म्हणाले.

निशिकांतने पाहिलं. त्याचा पाय पुन्हा पेडलवर आला होता. आपोआप. त्याने तो खाली घेतला. पुढच्या वळणावर पुन्हा तेच झालं. पेडल दबलं नाही, कारण चाचांच्या बोटांनी खालून उचलून धरलं होतं. त्या म्हाताऱ्या बोटांवर आपलं वजन पडतंय हे निशिकांतला जाणवलं आणि त्याने चटका बसल्यासारखा पाय काढला.

गाडी पंधराच्या वेगाने चढत होती. मागे रांग लागली. कुणी हॉर्न मारला, कुणी खिडकीतून शिवी हासडली. निशिकांत घामाने निथळत होता. इंजिनाच्या तापाचा काटा वर सरकत होता, पण लालच्या अलीकडे होता. वास कमी झाला होता. पूर्ण गेला नव्हता.

मग ते अरुंद वळण आलं.

वरून एसटी उतरत होती. लाल, रुंद, अर्ध्याहून जास्त रस्ता व्यापलेली. डावीकडे कठडा, कठड्याला भगदाड. दोघांपैकी एकाला थांबावं लागणार होतं. निशिकांत थांबला तर पुन्हा क्लच, पुन्हा चढावर सुरुवात. त्या प्लेटमध्ये आणखी एक सुरुवात शिल्लक होती की नाही, कुणालाच माहीत नव्हतं.

त्याचा पाय वळवळला.

त्याने चाचांच्या पायांकडे नजर टाकली.

चाचांनी पाय काढून घेतला होता. चप्पल घालून, पाय जवळ घेऊन ते बसले होते. पेडलखाली कुणी नव्हतं.

“चाचा!”

“गाडी चालव.”

“चाचा, तुमचा पाय...”

“माझं काय काम तिथे?”

पन्नास हात. चाळीस. एसटीने दिवा मारला. निशिकांतने डावा पाय पायपुसण्यावर असा रोवला की पोटरीत कळ गेली. अॅक्सिलरेटर वाढवला नाही, सोडलाही नाही. तीस हात. एसटीच्या काचेमागचा चालक दिसायला लागला. त्याच्या कपाळावर आठ्या होत्या.

चाचांनी खिडकीतून हात बाहेर काढला. पंजा उघडा, बोटं जुळलेली. हलवला नाही, नुसता धरला. चौतीस वर्षं घाटात समोरच्याला जसा दाखवायचे तसा.

एसटीच्या ब्रेकची फुस्स ऐकू आली. ती थांबली.

आरसा आरशाला लागता लागता राहिला. गाडी भगदाडाच्या कडेने, खडी उडवत, त्याच पंधराच्या वेगाने वळणावरून वर गेली. निशिकांतचा डावा पाय जिथे रोवला होता तिथेच होता.



वरच्या सपाटीवर वारा लागला. चाचा म्हणाले, “आता घाल दुसरा.” त्याने घातला. मग तिसरा. प्रत्येक वेळी पाय गेला आणि परत जमिनीवर आला. हेळवाक, कोयनानगर, पाटण. पाटणच्या अलीकडे रुग्णवाहिका समोरून येताना दिसली, पण चाचा म्हणाले, आता इकडून तिकडे उचलण्यात वेळ नको, चालू दे. चाचींनी एकदा डोळे उघडले, खिडकीबाहेरची उसाची शेतं पाहिली आणि पुन्हा मिटले.

एक वाजून दहा मिनिटांनी कराडला इस्पितळाच्या पायरीशी गाडी लागली. स्ट्रेचर आलं. पाठ उभी करून त्यांना आत नेलं. काचेचा दरवाजा बंद झाला.

पाऊण तासाने एक डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. यंत्रावर घेतलंय, म्हणाल्या. पाणी निघतंय, श्वास सुधारतोय. अजून तासभर उशीर झाला असता तर मात्र... त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

निशिकांतने हात जोडले.

तो बाहेरच्या टपरीवरून दोन चहा घेऊन आला. चाचा भिंतीपाशी बाकावर बसले होते. तो त्यांच्या शेजारी बसायला गेला आणि मग खाली, पायरीवर बसला.

“उद्या प्लेट बदलतो,” तो म्हणाला. “शाळा आठ दिवस बंद ठेवतो. आणि त्या चारशे जणांना... जेवढे सापडतील तेवढ्यांना बोलावून घेतो. एकेकाला सांगतो, मी चुकीचं दाखवलं होतं म्हणून.”

“हं.”

“चाचा, मी रस्त्यात तुमच्यावर ओरडलो.”

“हं.”

“चाची तशा अवस्थेत, आणि तुम्ही घड्याळ बघत उभे. नट सैल कर म्हणालात, तेव्हा आवाजसुद्धा हलला नाही. त्या एसटीसमोर पाय काढून घेतलात... तुम्हाला भीती नाही वाटली?”

चाचांनी चहासाठी हात पुढे केला. पेला घेतला. तो इतका थरथरला की चहा काठावरून त्यांच्या बोटांवर, पांढऱ्या लेंग्यावर सांडत राहिला. त्यांनी दुसरा हात लावला. तोही तसाच थरथरत होता.

निशिकांतने त्यांच्या हातांभोवती आपले हात धरले.

“चाचा...?”

“वाटतेय ना,” चाचा म्हणाले. “आत्ता वेळ आहे.”